संघटनेचं दार कसम परेडवरून ठरवा, पेन्शनच्या कागदावरून नको

अग्निपथ योजनेतली पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षण केंद्रांत दाखल झाली. म्हणजे २०२६ सरता सरता आणि २०२७ उजाडताना तिची चार वर्षं भरतात. त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना सैन्यात पुढे ठेवलं जाईल, उरलेले घरी येतील. ही मुलं आली की त्यांना माजी सैनिक संघटनेत घ्यायचं की नाही, यावर सध्या जो वाद चालतो तो ऐकून वाईट वाटतं, कारण तो दोन्ही बाजूंनी चुकीच्या जागी लढला जातो आहे. एक बाजू म्हणते, आमची सतरा-अठरा वर्षं बर्फात आणि वाळवंटात गेली, चार वर्षांत कसला सैनिक होतो? दुसरी बाजू म्हणते, जो या मुलांना नको म्हणतो तो सरकारचा माणूस. मग बोलणं अग्निपथ चांगली की वाईट याकडे वळतं, पक्षांची नावं निघतात आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. योजनेबद्दल तुमचं मत काहीही असो. ती उद्या बदलली किंवा परवा रद्द झाली, तरी जी मुलं वर्दी घालून सीमेवर उभी राहिली ती राहिलीच. त्यांचं काय, हा संघटनेपुढचा प्रश्न आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. सरकार कुणाला काय देतं हे सरकारी व्याख्येनं ठरेल. संघटना कुणाला आपलं म्हणते हे संघटनेनं ठरवायचं असतं. ज्यानं प्रशिक्षण संपताना होणाऱ्या कसम परेडला शपथ घेतली आणि ठरलेली मुदत इमानदारीनं पूर्ण केली, किंवा सेवेत, अगदी प्रशिक्षणातसुद्धा, जायबंदी होऊन जो परत आला, त्या प्रत्येकाला माजी सैनिक संघटनेचं पूर्ण, मताधिकारासह सभासदत्व मिळालं पाहिजे. ‘सहयोगी’, ‘निमंत्रित’ अशी मागच्या बाकावरची जागा देऊन भागणार नाही.

वादातला निम्मा गोंधळ तीन वेगळ्या गोष्टी एकच समजल्यामुळे झाला आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे सरकारी खातं. त्याचा उगम पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी स्थापलेल्या इंडियन सोल्जर्स बोर्डापर्यंत जातो. आज वर केंद्रीय सैनिक बोर्ड, राज्यात पुण्याचा सैनिक कल्याण विभाग आणि खाली जिल्ह्याचं कार्यालय अशी त्याची उतरंड आहे. माजी सैनिकाचं ओळखपत्र तिथे मिळतं, दर ७ डिसेंबरला सुरू होणारा ध्वजदिन निधी तिथून वाटला जातो. मेस्को म्हणजे माजी सैनिकांना काम मिळवून देणारं राज्याचं महामंडळ. आणि संघटना म्हणजे माणसांनी आपणहून एकत्र येऊन नोंदवलेली संस्था. फील्ड मार्शल करिअप्पांच्या पुढाकारानं १९६४ साली उभी राहिलेली इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीग असो की तालुक्याच्या गावी एसटी स्टँडमागच्या खोलीत बसणारी पंचवीस जणांची संघटना असो, तिची घटना तिच्या सभासदांनी लिहिलेली असते. खात्याला कायद्याची व्याख्या पाळावी लागते. संघटनेनं ती व्याख्या उचलून आपल्या घटनेत का चिकटवावी?

ती व्याख्यासुद्धा वाटते तितकी जुनी आणि अढळ नाही, आणि वादात उतरणाऱ्या फार थोड्यांना हे ठाऊक असतं. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत सैन्यातून सुटून आलेल्यांना किमान सेवेची अटच नव्हती. गैरवर्तन किंवा अकार्यक्षमतेमुळे काढलेलं नसलं की माणूस माजी सैनिक ठरत असे. पुढे शपथेनंतर सहा महिन्यांच्या सलग सेवेची अट आली, आणि स्वतःहून अर्ज करून सुटलेल्यांसाठी काही काळ पाच वर्षांची. १ जुलै १९८७ पासून कसोटी बदलून पेन्शनवर आली. पण त्या नियमातही एक फट मुद्दाम ठेवलेली होती. जो ठरलेली मुदत पूर्ण करून ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर पडला, तोही माजी सैनिक. शॉर्ट सर्व्हिसचे, म्हणजे मोजक्या ठरलेल्या वर्षांसाठी आलेले, अधिकारी याच वाटेनं माजी सैनिक ठरले. आता अग्निवीराकडे, म्हणजे अग्निपथमधून भरती झालेल्याकडे, पाहा. तो आर्मी अ‍ॅक्टखाली भरती होतो, शपथ घेतो आणि ठरलेली मुदत पूर्ण करतो. फक्त त्याच्या हाती पडणाऱ्या सुमारे ११.७१ लाखांना ग्रॅच्युइटी न म्हणता सेवानिधी म्हटलं आहे, आणि त्यातला निम्मा वाटा त्याच्याच पगारातून कापलेला आहे. भरतीच्या अटींतच लिहून ठेवलं आहे की पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) नाही, कॅन्टीन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे ज्या रेषेवर उभं राहून ‘हे आपल्यातले नाहीत’ असं सांगितलं जातं, ती रेषा सैनिकपणाची नाहीच. ती खर्चाच्या हिशेबाची आहे. सरकारला खर्चाचा हिशेब करावा लागतो, हे मी समजू शकतो. पण १९८० साली वर्षभराच्या सेवेनंतर सुटलेला माणूस माजी सैनिक असेल आणि २०२७ साली चार वर्षं पुरी करून आलेला नसेल, तर या फरकाचं समर्थन शौर्याच्या, त्यागाच्या किंवा बंधुभावाच्या भाषेत कसं करणार?

विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा वाट्याचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये सकाळी नंबर लावून बसलेल्या सत्तर वर्षांच्या नायकाला विचारा, तो सांगेल की औषधं अर्धी मिळतात आणि तज्ज्ञ डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो. केंद्राच्या गट ‘क’ आणि गट ‘ड’ पदांत माजी सैनिकांसाठी अनुक्रमे १० आणि २० टक्के जागा राखीव आहेत, महाराष्ट्रात १५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण त्या जागा प्रत्यक्षात पूर्ण भरत नाहीत ही जुनी तक्रार. अशा वेळी दरवर्षी हजारोंनी येणारी तरुण मुलं पाहून ‘आमच्या ताटातलं जाईल’ अशी भीती वाटणं स्वाभाविक आहे. पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसाला कुणी स्वार्थी म्हणू नये.

तरीही ही भीती चुकीच्या दारावर पहारा देते. संघटनेचं सभासदत्व मिळाल्यानं कुणालाही ईसीएचएस कार्ड मिळत नाही, कॅन्टीनचं कार्डही नाही. ते सरकारच्या हाती आहे आणि राहील. उलट अनुभव असा की सरकारी दार जेव्हा जेव्हा थोडं रुंद झालं, तेव्हा आत असलेल्यांचं नुकसान झालं नाही. १९६२ च्या पराभवानंतर घाईनं भरती केलेल्या इमर्जन्सी कमिशनच्या तरुण अधिकाऱ्यांनी १९६५ चं युद्ध लढलं, पाच-सहा वर्षांत त्यांतल्या अनेकांना पेन्शनविना घरी पाठवलं गेलं, आणि ईसीएचएसचं दार त्यांच्यासाठी उघडायला २०१९ साल उजाडलं. तेव्हा ते पंच्याहत्तरी ओलांडलेले होते. त्यांच्या येण्यानं कुणाची औषधं कमी झाली, असं म्हणताना मी तरी कुणाला ऐकलं नाही. पॉलिक्लिनिकमधली रांग लांब आहे ती डॉक्टर आणि निधी कमी पडतात म्हणून. तो निधी मागायला संख्या लागते, आणि सतत म्हातारी होत जाणारी संघटना संख्या कुठून आणणार?

दुसरा मुद्दा अनुभवाचा. पंधरा-सतरा वर्षं एका पलटणीत काढलेल्यांचं नातं वेगळंच असतं, आणि ते चार वर्षांत जुळत नाही, असं म्हणतात. हे बऱ्याच अंशी खरं आहे. लंगरमध्ये शेजारी बसून जेवलेली, एकमेकांच्या मुलांची बारशी आणि लग्नं पाहिलेली माणसं निवृत्तीनंतरही एकमेकांना पलटणीच्या नंबरावरून ओळखतात, आणि त्याला तोड नाही. पण त्यासाठी पलटणीचे मेळावे आहेत, रेजिमेंटच्या संघटना आहेत. जिल्ह्याच्या संघटनेत सिग्नलचा हवालदार, नौदलाचा पेटी ऑफिसर आणि वायुदलाचा सार्जंट एकत्र बसतात. त्यांनी कधी एका लंगरात जेवण केलेलं नसतं. त्यांना एकत्र आणतं ते काय? शपथ, वर्दी आणि जिवावरची जोखीम. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत. त्यांच्यातल्या कुणाची किती वर्षं सेवा झाली होती, हे गावानं शंभर वर्षांत कधी विचारलं का? ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनवर कर्तव्यावर असताना मरण पावलेला पहिला अग्निवीर बुलढाणा जिल्ह्यातला होता. त्याला लष्करी इतमामात निरोप दिला गेला, आणि तो योग्यच होता. त्याच हिमनदीवर त्याच्या शेजारी उभा राहून जो जिवंत परतेल, त्याला आपण ‘तू आमच्यातला नाहीस’ असं सांगणार का? मेला तर सैनिक आणि जगला तर परका, असा न्याय कुठल्याही पलटणीत चालणार नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा एक जुना आणि फार मोलाचा दाखला आहे, आणि तो या वादात कुणीच काढत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दापोलीत लष्करातून पेन्शनवर आलेल्या महार आणि चांभार सैनिकांची वस्ती होती. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त होऊन तिथे राहिले. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळही पुढे काही काळ तिथेच होते. १८९२ च्या सुमारास सरकारनं महारांची लष्करभरती बंद केली. ‘लढाऊ जातीं’चा सिद्धांत तेव्हा लष्करी वर्तुळात जोरात होता, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कंपनीच्या आणि राणीच्या पलटणींत बंदूक धरली, ते एका आदेशानं लढाऊ राहिले नाहीत. वलंगकरांनी अनार्य दोष परिहारक मंडळी ही संस्था उभारली आणि १८९४ च्या सुमारास निवृत्त सैनिकांच्या वतीनं लष्करप्रमुखांसाठी अर्ज तयार केला. त्यात आपल्या लोकांच्या सेवेचा इतिहास मांडून भरतीचं दार पुन्हा उघडण्याची मागणी होती. पुण्याचे दलित चळवळीतले कार्यकर्ते शिवराम जानबा कांबळ्यांनी तीच मागणी १९१० साली थेट लंडनमधल्या भारतमंत्र्यांपर्यंत नेली. १९१७ मध्ये महायुद्धाच्या गरजेपोटी महारांची पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली गेली, आणि शेवटी १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट स्थापन झाली.

वलंगकरांच्या अर्जामागच्या निवृत्त सैनिकांची परिस्थिती लक्षात घ्या. त्यांची स्वतःची पेन्शन सुरू होती. भरती बंद झाल्यानं त्यांचा एक पैसाही कमी होणार नव्हता. ते भांडले ते मागून येणाऱ्यांसाठी, ज्यांना ‘तुम्ही सैनिक नव्हेत’ असं सांगितलं गेलं होतं त्यांच्यासाठी. आपल्याकडच्या माजी सैनिक चळवळीची सुरुवात मी तिथून मानतो. सैनिक कोण याची सरकारी व्याख्या त्यांनी निमूट स्वीकारली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. आणि आझाद हिंद सेनेचं काय झालं? स्वतंत्र भारतात तिच्या सैनिकांना लष्करात परत घेतलं गेलं नाही. १९७२ नंतर स्वातंत्र्यसैनिक म्हणून त्यांना पेन्शन मिळाली, पण माजी सैनिक म्हणून नाही. देशानं त्यांना डोक्यावर घेतलं, कागदानं मात्र सैनिक म्हटलं नाही. कागद आणि सत्य यांत इतकं अंतर पडतं हे पाहिल्यावरही आपण आपल्या संघटनेचं दार कागदाच्याच हवाली करायचं?

बाहेरच्या देशांचे अनुभवही बोलके आहेत. अमेरिकेत यादवी युद्धानंतर १८६६ मध्ये ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक ही संघटना निघाली. फक्त त्या युद्धातल्या उत्तरेच्या सैनिकांसाठी. १८९० च्या सुमारास तिचे चार लाखांहून अधिक सभासद होते, राष्ट्राध्यक्ष तिच्या शब्दाला वचकून असत. दार बंदच राहिलं, सभासद एकेक करून गेले, आणि १९५६ साली शेवटचा सभासद वारला तेव्हा संघटनाही संपली. पहिल्या महायुद्धाच्या सैनिकांनी १९१९ मध्ये स्थापलेली अमेरिकन लीजन त्याच वाटेनं गेली असती. पण १९४२ साली, दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, तिनं आपली घटना बदलून नव्या युद्धातल्या पोरांना आत घेतलं. दोनच वर्षांनी, १९४४ मध्ये, शिक्षण आणि घरासाठी मदत देणारा जो प्रसिद्ध जीआय बिलाचा कायदा झाला, त्याचा मसुदा लीजनच्या माणसांनी तयार केला होता. आपल्याला स्वतःला तसं काही मिळालं नव्हतं, हे आठवूनच त्या जुन्या सैनिकांनी तो रेटला. १९४६ मध्ये लीजनची सभासदसंख्या ३३ लाखांवर गेली. त्याच लीजनमध्ये पुढे व्हिएतनामहून आलेल्यांना मात्र थंडपणा जाणवला, त्यांचं युद्ध ‘खरं युद्ध’ नव्हतं असं ऐकावं लागलं, आणि १९७८ मध्ये त्यांनी आपली वेगळी संघटना काढली. ब्रिटनमध्ये तर सैन्यात एक दिवस सेवा केलेल्यालाही माजी सैनिक मानतात. आपण तितकं टोक गाठावं असं मी म्हणत नाही. मुदत पूर्ण करण्याची अट असावीच.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ, कारण संघटना म्हणजे शाल-नारळ आणि २६ जानेवारीला पहिल्या रांगेत खुर्ची एवढंच असेल तर हा सगळा वाद निरर्थक आहे. खरं काम कसं चालतं ते आमच्या तालुक्यात मी जवळून पाहिलं आहे. एका हवालदाराची पत्नी नवरा वारल्यावर कौटुंबिक पेन्शनसाठी आली. पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) तिचं माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं, आणि जन्मतारखांत तीन वर्षांचा फरक. बँक म्हणते रेकॉर्ड ऑफिसला विचारा, रेकॉर्ड ऑफिस म्हणतं पार्ट टू ऑर्डर (कुटुंबातल्या बदलांची लष्करी नोंद) कुठे आहे. त्या बाईंना यातला एक शब्द कळत नव्हता. संघटनेच्या सेक्रेटरींची उभी नोकरी पलटणीच्या ऑफिसात कारकुनी करण्यात गेलेली. त्यांनी डिस्चार्ज बुकातलं कुटुंबाचं पान शोधलं, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं, सरपंचाचा दाखला जोडला, अर्जावर नंबर, रँक, नाव त्याच क्रमानं लिहिलं, आणि पेन्शनच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर तपशील चढेपर्यंत दर पंधरा दिवसांनी फोन केला. पेन्शन सुरू झाली. या कामाला शौर्यपदक लागत नाही, लष्कराचा कागद वाचता यावा लागतो आणि चिकाटी लागते.

आता विचार करा, अशा माणसाची गरज उद्या कुणाला पडणार आहे? सेवेत जायबंदी झालेल्या अग्निवीराला आजीवन अपंगत्व पेन्शन नाही. टक्केवारीनुसार ४४, २५ किंवा १५ लाख रुपये एकदाच मिळतात. दुखापत सेवेमुळे झाली की नाही, आणि किती टक्के, हे वैद्यकीय मंडळ ठरवतं. त्या एका कागदावर त्याचं पुढचं आयुष्य अवलंबून राहणार. अपंगत्वाचं कारण सेवा नाही, असा शेरा पडला की काय करायचं, अपील कुठे आणि किती दिवसांत, सशस्त्र दल न्यायाधिकरणात कसं उभं राहायचं, हे ज्ञान आज कुणाकडे आहे? याच पायरीवर वर्षानुवर्षं लढलेल्या जुन्या जवानांकडे. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलानं ते कुठून शिकायचं? खडकवासल्याच्या प्रबोधिनीत किंवा देहरादूनला प्रशिक्षणात जायबंदी होऊन बाहेर पडलेल्या कॅडेटांची गत आठवा. कमिशन मिळण्याआधीच शरीर निकामी झालं म्हणून ते माजी सैनिकही नव्हते आणि त्यांना ईसीएचएसही नव्हतं. २०२५ साली वृत्तपत्रातली बातमी वाचून सर्वोच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली, तेव्हा कुठे उपचारांची वाट मोकळी झाली. हा प्रश्न देशभरातल्या माजी सैनिक संघटनांनी एकदिलानं आणि आधीच का लावून धरला नाही? मला वाटतं, कारण ते ‘आपले सभासद’ नव्हते.

तिसरी शंका राजकारणाची. नोकरी गेलेली, हत्यार चालवायला शिकलेली, नाराज तरुण मुलं संघटनेत आली तर ती संघटनेला रस्त्यावर आणतील, एखाद्या पक्षाच्या दावणीला बांधतील, असं काही जुनेजाणते गंभीरपणे म्हणतात. या मुलांना कुणी संशयानं पाहावं हे मला मान्य नाही. पण धोका काल्पनिकही नाही. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य २५ लाखांच्या घरात पोहोचलं होतं. युद्ध संपताच लाखो जवान झपाट्यानं घरी पाठवले गेले, आणि १९४७ च्या पंजाबात माणसं कापत फिरणाऱ्या टोळ्यांमध्ये सुटून आलेले शिपाई होते, हे इतिहासानं नोंदवलं आहे. मात्र यातून निष्कर्ष काय काढायचा? ती माणसं सैनिकांच्या संघटनेत होती म्हणून बिघडली का? त्यांना धरून ठेवणारं, काम देणारं, वडीलकीनं दटावणारं कुणी नव्हतं, आणि ज्यांना त्यांचा उपयोग करायचा होता ते दारात उभे होते. आज एखाद्या गावात परतलेल्या अग्निवीराला सुभेदार काकांनी बोलावलं नाही, तर दुसरं कुणीतरी बोलावणार आहे. पक्षीय राजकारणाची एवढी चिंता असेल तर पदावर असताना निवडणूक लढवायची नाही आणि प्रचार करायचा नाही, असा नियम करा. तो जुन्यांनाही लागू करा.

‘समान हुद्दा, समान पेन्शन’ या मागणीचं आंदोलन या संदर्भात दोन्ही बाजूंनी शिकवतं. जून २०१५ मध्ये जंतरमंतरवर माजी सैनिक बसले, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी पोलिसांनी त्यांना हटवण्याचा प्रयत्न केला, देश हळहळला, आणि सप्टेंबरमध्ये सरकारला ‘वन रँक वन पेन्शन’ जाहीर करावी लागली. एकजुटीचं बळ असं असतं. त्याच चळवळीत पुढे फूट पडली. मिलिटरी सर्व्हिस पे हा लष्करी सेवेचा दरमहा भत्ता अधिकाऱ्यांना १५,५०० रुपये आणि जवान व जेसीओंना (सुभेदार वगैरेंना) ५,२०० का, जोखीम काय हुद्द्याप्रमाणे कमी-जास्त होते, असं विचारत जवानांच्या संघटना २०२३ मध्ये त्याच जंतरमंतरवर वेगळ्या बसल्या. त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो. पण ज्यांनी ‘आम्हाला कमी सैनिक का समजता’ म्हणून लढा दिला, त्यांच्यातलेच काही आज अग्निवीराला कमी सैनिक ठरवायला निघाले आहेत, हे पाहून मन विषण्ण होतं. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धानंतर अशाच चार संघटना होत्या, त्यातल्या एकीत तर अधिकाऱ्यांना मज्जाव होता. १९२१ मध्ये चारही एकत्र येऊन ब्रिटिश लीजन झाली तेव्हा कुठे त्यांच्या आवाजाला वजन आलं.

सीमा सुरक्षा दल आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. त्यांचा त्याग तसूभरही कमी नाही. पुलवामात गेलेले चाळीस जण राखीव दलाचेच होते. पण त्यांचा कायदा वेगळा, गृहखातं वेगळं, आणि २००४ नंतर भरती झालेल्यांच्या पेन्शनचा लढाही वेगळा आहे. २०१२ साली त्यांना माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दल कर्मचारी अशी स्वतंत्र ओळख मिळाली, तिच्यामागे लाभ मात्र फारसे आले नाहीत. एकाच संघटनेत कोंबल्यानं त्यांचे प्रश्न दबतील. त्यांची संघटना स्वतंत्र आणि बळकट असावी, जिल्हा पातळीवर दोघांची संयुक्त समिती असावी, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जाताना दोघांनी बरोबर जावं.

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेत हे ठराव आणा. घटनेतल्या सभासदत्वाच्या कलमातला ‘पेन्शनधारक’ हा शब्द काढून तिथे शपथ आणि पूर्ण केलेली मुदत किंवा सेवेतली दुखापत ही कसोटी लिहा. डिस्चार्जच्या कागदावर बडतर्फीचा शेरा असेल त्याला घेऊ नका. सरकारी मान्यतेची अडचण येईल अशी कुणाला भीती असेल, तर सभासदांची नोंदवही दोन भागांत ठेवा, एक सरकारी व्याख्येतल्यांची आणि एक बाकीच्यांची. मत मात्र दोघांना सारखंच. वीरनारी आणि सैनिकांच्या विधवा यांना बहुतेक ठिकाणी हळदीकुंकवाला आणि सत्काराला बोलावतात, पण कार्यकारिणीत त्या दिसत नाहीत. निम्म्याहून अधिक कागदांचं काम त्यांचं असताना किमान दोन जागा त्यांच्या का असू नयेत? धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज वेळेत द्या, नाहीतर ठराव कागदावरच राहतो. आणि एका माणसाची नेमणूक आत्ताच करा, ज्यानं सेवानिधी, वैद्यकीय मंडळ, कौशल्य प्रमाणपत्र आणि निमलष्करी दलांतल्या राखीव जागा यांचे नियम बसून वाचायचे. तुमच्या तालुक्यातून २०२२-२३ मध्ये किती मुलं गेली, त्यांची यादी भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या अकादम्यांकडे आणि गावच्या तलाठ्याकडे मिळेल. ती मुलं घरी येण्याआधी त्यांच्या आई-वडिलांना एकदा भेटून या.